साहित्य शिकलात? आता कानासाठी लिहायला शिका

साहित्य शिकलेली मुलं प्रसारणातल्या नोकरीच्या मुलाखतीला आली की पहिल्या दोन मिनिटांत एक वाक्य हमखास येतं: "माझी भाषा चांगली आहे." माझ्या पहिल्या मुलाखतीत मीही हेच म्हणाले होते. समोरच्या निर्मात्या बाईंनी टेबलावरचं दीड पानी पत्रक माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "हे चाळीस सेकंदांत सांगा." मी छान आवाजात, योग्य विराम घेत पहिला परिच्छेद वाचला. चाळीस सेकंद संपले. मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात होता.

नोकरी मिळाली नाही, हे सांगायला नको. पण पदवीतलं काय उपयोगाचं आणि काय अडचणीचं, हे त्या दिवशी कळायला सुरुवात झाली. पुढे अनेक वर्षं नव्या मुलांच्या संहिता तपासल्या आणि नमुना ध्वनिफिती ऐकल्या, त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडते आहे. रेडिओ, टीव्ही आणि पॉडकास्ट तिन्हींना ते लागू पडतं.

पदवीतलं नेमकं काय कामी येतं

चांगली भाषा कामी येते, पण ती शेवटी. आधी कामी येते ती निवड. साहित्याच्या विद्यार्थ्याने चारशे पानांची कादंबरी वाचून तिच्यावर चार पानं लिहिलेली असतात. कुठला उतारा घ्यायचा आणि कुठले सोडायचे, याचा सराव त्याला नकळत झालेला असतो. प्रसारण म्हणजे बहुतांशी हेच काम. दोन तासांच्या मुलाखतीतून सहा मिनिटं ठेवायची असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे न बोललेलं ऐकू येणं. पात्र जे म्हणतं आणि जे टाळतं त्यातली फट शोधायला तुम्ही शिकलेला असता. मुलाखतीत समोरचा माणूस "तसं काही विशेष नव्हतं" म्हणून पुढे सरकतो, तिथे थांबायला हवं हे साहित्य वाचलेल्याला लवकर उमगतं.

अशी माणसं या क्षेत्रात पहिल्यापासून आहेत. पत्रकार अ‍ॅलिस्टर कुक केंब्रिजला इंग्रजी शिकले आणि बीबीसीवर 'लेटर फ्रॉम अमेरिका' हे साप्ताहिक भाषण त्यांनी १९४६ पासून २००४ पर्यंत केलं. २,८६९ भाग झाले. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी शिकलेले कादंबरीकार व्ही. एस. नायपॉल १९५४ मध्ये बीबीसीच्याच 'कॅरिबियन व्हॉइसेस' या साहित्यिक कार्यक्रमाचे संपादक झाले. तो कार्यक्रम सुरू केला होता ऊना मार्सन या कवयित्रीने, १९४३ मध्ये. अमेरिकेत 'फ्रेश एअर' हा मुलाखतींचा कार्यक्रम १९७५ पासून करणाऱ्या टेरी ग्रोस यांची पदवीही इंग्रजीचीच. आधी त्या शाळेत शिकवायला गेल्या होत्या आणि ती नोकरी सहा आठवड्यांत सुटली. घरचे "बी.एड. तरी कर" म्हणत असतील तर ही माहिती जवळ ठेवा, वादात उपयोगी पडेल.

आता अडचणीचा भाग. साहित्याचा विद्यार्थी डोळ्यांनी वाचतो आणि डोळ्यांसाठी लिहितो. वाक्य लांबलं तरी वाचक मागे जाऊन पुन्हा वाचेल, या भरवशावर त्याची शैली घडलेली असते. ऐकणारा मागे जात नाही. पॉडकास्टमध्ये तशी सोय आहे, पण ती कुणी वापरत नाही. कंटाळलं की लोक पुढच्या भागाकडे जातात.

आधी दार निवडा

"मला मीडियात जायचंय" असं म्हणणाऱ्याला कुणीही काम देत नाही, कारण त्या नावाचं काम अस्तित्वात नाही. संशोधक, संहितालेखक, सहायक निर्माता, वृत्तकक्षातला कॉपी एडिटर, निवेदक, ध्वनिनाट्याचा लेखक, प्रोमो लिहिणारा, उपशीर्षकं करणारा, दृष्टिहीनांसाठी दृश्याचं ध्वनिवर्णन लिहिणारा, संग्रहातलं जुनं ध्वनिमुद्रण शोधून देणारा, ही खरी कामं आहेत.

बहुतेकांना निवेदक व्हायचं असतं, म्हणून त्या दारापाशी सगळ्यात मोठी रांग असते. साहित्यवाल्यांसाठी सगळ्यात मोकळं दार संशोधकाचं आणि संहितालेखकाचं. निर्मात्याला उद्याच्या कार्यक्रमासाठी तीन पाहुणे हवे असतात, त्यांच्याविषयी एक पानाचं टिपण हवं असतं आणि विचारता येतील असे आठ प्रश्न हवे असतात. हे ज्याला वेळेत करता येतं, त्याला दुसऱ्यांदा फोन येतो. आवाजाची यात गरजच पडत नाही. कादंबरीकार जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिससाठी, म्हणजे भारताकडच्या प्रसारणासाठी, काम करत होते, माइकवरून बोललेही होते, पण त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही.

उपशीर्षकं आणि ध्वनिवर्णन या दोन दारांकडे फारसं कुणी बघत नाही, याचं मला नवल वाटतं. उपशीर्षक म्हणजे सारांशलेखनाची कसोटी असते. रोमन लिपीत एका ओळीला साधारण ३७ ते ४२ चिन्हं, दोन ओळी, काही सेकंद, आणि तेवढ्यात पात्राचा सूर यायला हवा. ध्वनिवर्णनात तर दोन संवादांमधल्या चार सेकंदांत "ती पत्र वाचते, घडी घालते, परत उघडते" एवढंच बसतं. 'दुःखाने' हा शब्द तिथे चालत नाही; तो ऐकणाऱ्याने स्वतः काढायचा असतो. कवितेवर तीन वर्षं घालवलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

कानासाठी लिहिणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढचं सगळं यावर उभं आहे.

बीबीसीत १९२७ पासून काही वर्षं भाषणविभागाच्या प्रमुख राहिलेल्या हिल्डा मॅथेसन यांनी १९३३ च्या आपल्या पुस्तकात एक साधी गोष्ट लिहून ठेवली. माइकसमोर जाहीर सभेसारखं बोलून उपयोग नाही आणि निबंध वाचूनही नाही. पलीकडे बसलेल्या एकाच माणसाशी आपण बोलत असतो. नव्वद वर्षांनंतरही नवी मुलं माइकसमोर "श्रोते हो" म्हणत सभाच भरवतात.

एक वाक्य बघा, उदाहरणासाठी मी रचलेलं:

"शहराच्या उत्तर भागात काल रात्री उशिरा झालेल्या मुसळधार पावसामुळे निर्माण झालेल्या पूरसदृश परिस्थितीची पाहणी करण्यासाठी महापौरांनी आज सकाळी बाधित भागाला भेट दिली."

छापलं तर खपून जाईल. मोठ्याने वाचा, 'परिस्थितीची'पाशी दम लागतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. त्यात 'झालेल्या', 'निर्माण झालेल्या' अशी विशेषणं एकामागे एक जोडली की तो मधेच हात सोडतो. तेच असं सांगा:

"उत्तर भागात काल रात्री पाऊस कोसळला. रस्त्यांवर गुडघाभर पाणी आहे. महापौर आज सकाळी तिथे जाऊन आले."

तीन वाक्यं झाली आणि प्रत्येकाला आपलं क्रियापद मिळालं. 'पूरसदृश परिस्थिती' गेली आणि गुडघाभर पाणी आलं. मात्र पाणी खरंच गुडघाभर आहे का, हे विचारून घ्यावं लागतं. कानासाठी लिहिताना असा जास्तीचा फोन बऱ्याचदा करावा लागतो, कारण गोल शब्दांमागे लपायची सोय उरत नाही.

संहितेतून काही शब्द सरळ हद्दपार करा: सदर, उपरोक्त, तथापि, सदरहू, वरीलप्रमाणे. ऐकण्यात 'वरील' असं काही नसतंच. "कारवाई करण्यात आली" हे वाक्य दिसलं की थांबा आणि कुणी केली ते शोधा. "भेट दिली" ऐवजी "गेले", "मृत्यूमुखी पडले" ऐवजी "मेले" की "दगावले" की "प्राण गेले", यावर मात्र विचार करा. प्रत्येक शब्दाला वेगळा सूर आहे, आणि तो ओळखण्याचं शिक्षण तुम्ही घेतलेलं आहे.

अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत. म्हणून बोलणारा आधी, बोलणं नंतर. "कर वाढवणार नाही, असं अर्थमंत्री म्हणाले" या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकताना तो दावा तुमचाच वाटतो. "अर्थमंत्री म्हणतात, कर वाढणार नाही" यात ती शंका राहत नाही. वर्तमानपत्री सवयीच्या हे अगदी उलट आहे.

आकड्यांचा वेगळाच त्रास आहे. ४७,३८२ हा आकडा ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाही; "सत्तेचाळीस हजारांहून थोडे जास्त" लागतो. आणि मराठीतले एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे थेट प्रसारणात भल्याभल्यांना आडवे येतात. संहितेत आकडा नेहमी अक्षरी लिहा. एका मिनिटात तीनपेक्षा जास्त आकडे आले तर एखादा काढून टाका, कुणाची तक्रार येणार नाही.

उच्चारांबद्दल थोडं. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' लिहिताना सारखेच दिसतात, पण ज वेगळा. देवनागरी हा फरक दाखवत नाही, वाचणाऱ्याने तो आणायचा असतो. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार, न आणि ण, श आणि ष, यांची यादी करून रोज पाच मिनिटं मोठ्याने वाचा. बोलीचा हेल असेल तर तो पुसायच्या मागे लागू नका. शब्द स्पष्ट असतील तर हेल ही ओळख ठरते; मीही तो पुसायचा प्रयत्न केला आणि दोन वर्षं कुणाच्या तरी उसन्या आवाजात बोलत राहिले.

सरावाची पद्धत सांगते. पदवीच्या काळातला तुमचा स्वतःचा एक निबंध घ्या. त्याचं तीन मिनिटांचं भाषण करा. ते ज्याला विषयात रस नाही अशा माणसाला ऐकवा, कागद न देता. मग त्याला विचारा, "काय कळलं?" तो जे सांगेल ते तुमचं खरं भाषण. बाकीचं कापा. हे आठवड्यातून एकदा, सलग दहा आठवडे केलंत तर शैली बदललेली तुम्हालाच दिसेल.

घड्याळाशी मैत्री

इंग्रजी प्रसारणात मिनिटाला साधारण १५० ते १६० शब्दांचा अंदाज धरतात. तो मराठीला लावू नका. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'रस्त्यावरच्यांसाठीसुद्धा' हा मोजायला एकच शब्द. स्वतःचा वेग स्वतः काढा: स्वतःच्याच संहितेतले ३०० शब्द नेहमीच्या गतीने वाचा, लागलेले सेकंद लिहून ठेवा, मिनिटाचा हिशोब करा. तो आकडा पाठ हवा. "पन्नास सेकंदांचं लिहून दे" असं कुणी म्हणालं की किती शब्द हे तुम्हाला लगेच कळायला हवं.

थेट कार्यक्रमात वेळ शेवटाकडून मोजतात. समजा कार्यक्रम १० वाजून २९ मिनिटं ५० सेकंदांनी संपायलाच हवा. समारोपाचं निवेदन २० सेकंदांचं, त्याआधीचं गाणं ३ मिनिटं १० सेकंदांचं. म्हणजे गाणं १०:२६:२० ला सुरू झालंच पाहिजे, आणि त्याआधीच्या पाहुण्याला तोपर्यंत आवरतं घ्यायला लावायचं. याला बॅक-टायमिंग म्हणतात. गणित शाळेतलंच आहे. कानात हेडफोन आणि समोर बोलका पाहुणा असताना करायचं, एवढाच फरक.

आवाज पकडणं

यंत्रांची भीती बाळगू नका आणि सुरुवातीला त्यांच्यावर फार खर्चही करू नका. फोन, त्याला जोडता येणारा साधा माइक आणि ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. व्हिडिओ करायचा असेल तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते.

ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करा. बोलताना पातळीचे उंचवटे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या; शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे प, फ, भ यांचा झोत थेट त्यावर आदळत नाही. खोली घुमत असेल तर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला. दिसायला वेडगळ आहे, ऐकायला नाही.

कुठेही ध्वनिमुद्रण केलंत की निघण्यापूर्वी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प करून त्या जागेची शांतता पकडून ठेवा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संपादनात दोन वाक्यांच्या मधे हीच शांतता भरावी लागते. ती नसली तर प्रत्येक काप ऐकू येतो.

प्रसारणासाठी कार्यक्रमाची सरासरी ध्वनिपातळीही ठरलेली असते. युरोपीय प्रसारकांच्या आर १२८ या मानकात ती उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आहे. पॉडकास्टवाले साधारण उणे १६ धरतात. काम पाठवण्यापूर्वी समोरच्या संस्थेला कुठली पातळी हवी हे विचारा. एवढं विचारलंत तरी तंत्रज्ञांचा तुमच्याविषयीचा आदर वाढतो, आणि स्टुडिओत तंत्रज्ञांचा आदर ही फार मोठी पुंजी आहे.

कागदाचंही भान ठेवा. संहिता पानाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात, आणि वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणार नाही असं. पिन काढून पानं सुटी करा. नायपॉल यांनी आपल्या पहिल्या पुस्तकाची सुरुवात बीबीसीच्या ज्या कागदावर टंकली, तो गुळगुळीत, न सळसळणारा, खास संहितांसाठीचा कागद होता, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. आता टॅबलेट आले, पण बोट सरकवताना टेबलावर होणारी टकटक आहेच.

ध्वनी हेही लेखनच आहे, हे साहित्यवाल्यांना उशिरा पटतं. लुई मॅकनीस हे कवी, अभिजात भाषांचे प्राध्यापक, १९४१ मध्ये बीबीसीत आले आणि जन्मभर रेडिओसाठी लिहीत राहिले. १९६३ मध्ये आपल्या शेवटच्या नाटकासाठी गुहेतले आवाज नीट मिळावेत म्हणून ते स्वतः यॉर्कशरमधल्या एका गुहेत उतरले. परतताना पावसात भिजले, न्यूमोनिया झाला आणि त्यातच गेले. इतकं करू नका. पण पाण्याचा आवाज हवा असेल तर संग्रहातला तयार आवाज लावण्याआधी एकदा स्वतः नळाशी, नदीशी जाऊन ऐका. दोन्ही पाणी सारखं बोलत नाही.

मुलाखत

तयारी भरपूर करा आणि तिचं प्रदर्शन अजिबात करू नका. "तुमच्या दुसऱ्या संग्रहातल्या प्रतिमासृष्टीत जो विखंडित काळ दिसतो, त्याचा तुमच्या बालपणीच्या स्थलांतराशी संबंध आहे का?" हा प्रश्न नव्हे, हा प्रबंधाचा गोषवारा आहे आणि त्याचं उत्तर "हो" एवढंच येतं. "घर सोडलं त्या दिवशीचं काय आठवतं?" असं विचारा, उत्तर दहा मिनिटं चालेल.

एका वेळी एकच प्रश्न. "कसं वाटलं?" हा प्रश्न शक्यतो टाळा, "मग काय केलंत?" विचारा, वाटणं त्यातून आपोआप येतं. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. दोन-तीन सेकंद गप्प राहिलात तर बरेचदा खरं वाक्य त्यानंतर येतं.

आणि एक तांत्रिक बाब, जी मला तीन मुलाखती फुकट गेल्यावर कळली. समोरचा बोलत असताना आपल्याकडे "हं... हो ना... अगं बाई" चालू असतं. ते त्याच्या वाक्यावर चढतं आणि मग कापता येत नाही. मान हलवा, डोळ्यांनी बोला, तोंड बंद. तुमचा प्रश्न नंतर वगळायचा असेल तर पाहुण्याला आधीच सांगा की उत्तर पूर्ण वाक्यात द्या. नाहीतर "१९८५ मध्ये" एवढंच हाती येतं, आणि १९८५ मध्ये काय, ते कुणालाच कळत नाही.

नमुना तयार करणं

पदवीचं प्रमाणपत्र कुणी उघडून बघत नाही. नमुना ऐकतात, आणि तोही पहिली वीस सेकंद. म्हणून संगीताचा ताल, मग नाव, मग शिक्षण, मग "या भागात आपण पाहणार आहोत", असं काहीही सुरुवातीला नको. सगळ्यात चांगलं वाक्य पहिलं.

तीन तुकडे पुरेत. एक मिनिटाचं बातमीपत्र, स्वतः लिहून स्वतः वाचलेलं. दोन मिनिटांचा मुलाखतीचा अंश, ज्यात तुमच्यापेक्षा समोरचा माणूस जास्त ऐकू येतो. आणि तीन-चार मिनिटांचं एक ध्वनिरूपक, ज्यात तुमचं निवेदन, कुणाचं तरी बोलणं आणि एखाद्या जागेचा आवाज असेल. संहिता लेखी स्वरूपातही जोडा, कारण लेखक हवा असलेला निर्माता ती आधी वाचतो.

नमुन्यात आवडत्या कवीची कविता वाचायचा मोह होतो. स्वामित्वहक्क तपासा. स्वामित्वहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतात, अनेक देशांत ७० वर्षं. मूळ कवी जुना असला तरी अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे बरेच जण विसरतात. सगळ्यात बरं म्हणजे स्वतः लिहिलेलं वाचा. तुमची संहिता दाखवण्यासाठीच तर हा खटाटोप आहे.

दार ठोठावणं

महाविद्यालयाचा रेडिओ, कम्युनिटी रेडिओ, एखाद्या वाचनालयाचं किंवा संस्थेचं पॉडकास्ट, इथून सुरुवात करा. इथे चुका करायला परवानगी असते आणि मोठ्या ठिकाणी जे काम पाच जण करतात ते एकट्याने करावं लागतं. ठरावीक वारी, ठरावीक वेळी, सलग सहा महिने एखादा छोटा कार्यक्रम केलात, तर ती एक ओळ अर्जातल्या सगळ्या विशेषणांपेक्षा वजनदार ठरते.

अर्जात प्रबंधाचं नाव लिहून थांबू नका, प्रबंधात काय केलंत ते लिहा. "स्त्रियांच्या आत्मकथनांचा चिकित्सक अभ्यास" यातून निर्मात्याला काही कळत नाही. "अकरा आत्मकथनं वाचली, चार लेखिकांना भेटून बोलले, त्यातली नऊ तासांची ध्वनिमुद्रणं उतरवून काढली", हे कळतं. ही संशोधकाची कामं आहेत आणि तुम्ही ती आधीच केली आहेत.

कल्पना सुचवताना विषय आणि गोष्ट यांतला फरक ओळखा. "अनुवाद" हा विषय झाला. एका कवितेच्या तीन अनुवादांत एकच शब्द तीन वेगळ्या अर्थांनी आला आणि त्या शब्दावरून दोन अनुवादक एकमेकांशी बोलेनासे झाले, ही गोष्ट. कल्पना एका परिच्छेदात लिहा: कोण बोलेल, कुठले आवाज ऐकू येतील, आत्ताच का, किती मिनिटं. पाठवण्याआधी त्या कार्यक्रमाचे निदान पाच भाग ऐका. न ऐकता पाठवलेली कल्पना दुसऱ्या ओळीतच ओळखू येते. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, नंतर गप्प बसा आणि नवी कल्पना पाठवा.

पत्रकारितेची पदविका करावी का, हा प्रश्न नेहमी येतो. बातम्यांत जायचं असेल तर हो. न्यायालयाचं वार्तांकन, बदनामीचा कायदा, स्रोत पडताळणं या गोष्टी अंदाजाने शिकायच्या नसतात. रूपकं, नाट्य, साहित्यविषयक कार्यक्रम यांसाठी माझ्या मते ती गरजेची नाही. करणार असाल तर प्रवेशाआधी विद्यमान विद्यार्थ्यांना विचारा की आठवड्यात प्रत्यक्ष स्टुडिओत किती तास मिळतात. उत्तर देताना ते चाचरले तर पैसे वाचवा.

सुरुवातीची कामं बहुधा कंत्राटी असतात, पाळ्या विचित्र असतात. पहाटेच्या बातमीपत्रासाठी रात्री निघावं लागतं. करार वाचल्याशिवाय सही करू नका, आणि आता त्यात एक कलम मुद्दाम शोधा: तुमचा आवाज वापरून कृत्रिम आवाज तयार करण्याचा हक्क तुम्ही देत आहात का. दिलाच तर कशासाठी, किती काळासाठी आणि किती मोबदल्यात, हे लेखी हवं.

पहिला दिवस

वहीत आधी तीन गोष्टी उतरवून घ्या: कुठल्या नावांचा उच्चार ही संस्था कसा करते, चूक झाली तर दुरुस्ती कशी आणि कुणाला विचारून करतात, आणि काही कारणाने थेट कार्यक्रम तुटला तर लावायचं राखीव ध्वनिमुद्रण कुठे ठेवलेलं असतं. तिसरी गोष्ट विचारल्यावर लोक हसतील. माझ्या दुसऱ्याच आठवड्यात रात्री पावणेबाराला पाहुण्याचा फोन कटला आणि ती फाइल कुठे आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

तुमचं लिहिलेलं पहिल्यांदा प्रसारित होईल तेव्हा ते हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकू नका. भांडी घासताना किंवा गर्दीच्या बसमध्ये, फोनच्या स्पीकरवर ऐका. जिथे शब्द हरवतात तिथे पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी ती संहिता घेऊन तंत्रज्ञाकडे जा.